व्हिसाची शिकवणी

"फुल नेम, काकू. पूर्ण नाव सांगा."

"माय नेम इज शालन खराडे."

"पूर्ण. मधलं नावसुद्धा."

"शालन खराडे. दॅट इज फुल, बाई. आमच्याकडं एवढंच असतंय."

पहिलाच दिवस होता म्हणून मी सोडून दिलं. पहिल्या दिवशी माणसाला बोलतं करायचं, त्याच्या चुका काढत बसायचं नाही, असं मी स्वतःला बजावून बसले होते. शिवाय काकूंच्या पाठीमागे पिठाची गिरणी एवढ्या जोरात चालू होती की त्यांनी मधलं नाव सांगितलं असतं तरी मला ते ऐकू आलं नसतं.

गोष्ट आता बरीच जुनी झाली. तेव्हा मी शाळेतली नोकरी सोडून घरी बसले होते आणि घरात बसून बसून माझा स्वभाव बिघडत चालला होता. नवऱ्याच्या पगारात भागत होतं, पण स्वतःच्या कमाईची साडी नेसायची सवय लागलेल्या बाईला नुसतं भागून चालत नाही. म्हणून मी घरबसल्या ऑनलाइन इंग्रजी शिकवायला लागले. नाशिकच्या आमच्या फ्लॅटमधला बेडरूमचा कोपरा ही माझी शाळा. मागे पुस्तकांच्या कपाटाचं चित्र छापलेला पडदा आणि पडद्यामागे इस्त्रीला द्यायचे कपडे. कॅमेऱ्यात दिसेल तेवढ्या भागात मी कडक कुर्ता घालायची आणि खाली घरातला पायजमा. तास चालू असताना माझा नवरा मंदार बेडरूममध्ये मोजे शोधायला यायचा आणि भिंतीला चिकटून खेकड्यासारखा आडवा चालायचा. तरी त्याचं पोट कॅमेऱ्यात यायचंच.

शालनकाकूंना माझ्याकडे पाठवलं त्यांच्या मुलीने, उज्ज्वलाने. ती परदेशात होती. देशाचं नाव मुद्दाम सांगत नाही, काकूंना अजून तिथे जा-ये करायची असते. उज्ज्वलाचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं, तिचा नवरा कामापायी सतत फिरतीवर, आणि सासू केव्हाच वारलेली. काकूंना तिकडे जायचंच होतं. पण व्हिसाच्या मुलाखतीत त्या एकदा नापास होऊन आल्या होत्या. "खिडकीतल्या साहेबाचं इंग्रजी मला जमलं न्हाई," एवढंच त्यांनी घरी सांगितलं होतं. दुसरी तारीख मिळाली होती. ही गेली असती तर नातवंड रांगायला लागेपर्यंत आजीचं तोंड त्याला दिसलं नसतं.

"मॅडम, आईला फक्त धीर द्या," उज्ज्वला मला फोनवर म्हणाली. "ती हुशार आहे."

हुशार हा शब्द कमी पडावा अशी ती बाई होती. तासगावजवळच्या गावात नवऱ्याची गिरणी, गिरणीला लागून घर, आणि घरातल्या ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. पडद्यावर सगळं जरा धुक्यात असल्यासारखं दिसायचं, कारण कॅमेऱ्यावर कायम पीठ बसलेलं. पण काकू एकदा सांगितलेलं विसरायच्या नाहीत. 'आय अ‍ॅम गोइंग फॉर माय डॉटर्स डिलिव्हरी' हे वाक्य त्या अशा ठसक्यात म्हणायच्या की साहेबाने खिडकी सोडून वाट करून द्यावी. एक मात्र गंमत होती. मराठी बोलतानाही त्या 'कलर' म्हणायच्या. भिंतीला कलर दिला, साडीचा कलर गेला, पंचमीला पोरं कलर खेळली. मी मनात म्हटलं, शिकवलेलं किती लगेच वापरात आणतात. माझी मलाच शाबासकी दिली.

त्यांचे यजमान मधूनच पडद्यावर यायचे. डोक्यापासून पायापर्यंत पिठाने माखलेला, उंच, अबोल माणूस. काही न बोलता चहाची कपबशी काकूंसमोर ठेवायचे, माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि निघून जायचे.

"काकू, फार काळजी घेतात हो तुमची."

"कसली काळजी," काकू कपाकडे बघत म्हणायच्या. "साखर टाकायला इसरत्यात."

मुलाखत जवळ आली तेव्हा मी रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं. मंदारचा लग्नातला कोट अंगात घातला, केस घट्ट बांधले आणि चेहरा जमेल तेवढा खडूस केला. मंदार म्हणाला की चेहऱ्यासाठी वेगळे कष्ट घ्यायची गरज नाही. त्याला मी बाहेर घालवलं.

"गुड मॉर्निंग, मॅडम. व्हाय आर यू ट्रॅव्हलिंग?"

काकूंनी ठणकावून उत्तर दिलं. मुलगी काय करते, कुठे राहते, तुम्ही किती दिवस राहणार, परत कशासाठी येणार, सगळं बिनचूक. मी खूश होऊन पुढचा सोपा प्रश्न टाकला.

"व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

काकू गप्प.

मला वाटलं नेटवर्क गेलं. पण मागच्या भिंतीवर कॅलेंडरचं पान फडफडत होतं. मी प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश. मग मोठ्याने. मग साहेबाचा बाणा सोडून मराठीत विचारलं. काकूंनी उठून कपाटातून पासपोर्ट आणला, उघडला, कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्यावर बोट ठेवलं.

"काकू, वाचून दाखवायचं नाही, सांगायचं आहे."

बोट तिथेच.

"अहो, नवऱ्याचं नाव. एवढं तर इंग्रजीही नाही त्यात. जे मराठीत तेच इंग्रजीत."

"तेच तर हाय," काकू म्हणाल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पासपोर्टवरचं नाव वाचलं. शालन रंगराव खराडे. ह्या बाईने लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडाने उच्चारलं नव्हतं. स्वतःचं पूर्ण नाव सांगायची पंचाईत ती त्यामुळेच. आणि नावातला 'रंग'सुद्धा नको म्हणून आख्ख्या संसारात तिने भिंतींना, साड्यांना आणि पंचमीला कलर दिला होता. माझ्या शिकवण्याचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

"मागच्या वेळी साहेबाने हेच विचारलं होतं का?"

काकूंनी मान खाली घातली. "हेच. दोनदा इचारलं. मी पासपोर्टावर बोट ठिवलं. त्यांला वाटलं, बाईला नवऱ्याचंच नाव ठावं न्हाई, म्हंजी कायतरी घोळ हाय. बरूबरच हाय की त्यांचं. मी घरी सांगितलं, इंग्रजी आलं न्हाई."

मला राग आला. मला तो लवकर येतो आणि आला की भाषण करतो. मी काकूंना सांगितलं की नाव ही हाक मारण्यासाठीच असते, मी माझ्या नवऱ्याला दिवसभर नावाने हाका मारते, आमच्या घरात कुणालाही काही झालेलं नाही.

"हाक मारल्यावर येत्यात व्हय?" काकूंनी विचारलं.

बाहेरच्या खोलीत मंदार कानाला हेडफोन लावून क्रिकेट बघत होता.

"मी दारात नुसती हुबी ऱ्हायली तरी हे गिरणी थांबवून 'काय गं' म्हणत्यात," काकू शांतपणे म्हणाल्या. भाषण तिथेच संपलं.

पण मुलाखत तर द्यायचीच होती. मी विचारलं, मग लग्नकार्यात, डोहाळजेवणात, उखाण्यात तरी नाव घेता की नाही? काकू एकदम खुलल्या. उखाण्यात घ्यायच्या की. गावात त्यांच्या उखाण्याला बायका कामं टाकून यायच्या. उखाण्यातलं नाव चालतं, त्याला देवाची परवानगी असते, असं त्यांचं म्हणणं. मग काय, मी दिवसभर डोकं खाजवून इंग्रजी उखाणा जुळवला. पोळ्या करताना जुळवत होते, त्यात दोन पोळ्या जळाल्या. दुसऱ्या दिवशी काकूंनी तो एका दमात पाठ केला आणि पदर सावरून, मान किंचित तिरकी करून म्हटला:

"ग्रास इज ग्रीन अँड स्काय इज ब्लू, रंगराव्स नेम आय टेक फॉर यू."

मला इतका आनंद झाला की मी मंदारला ओढत आणलं आणि काकूंना तो पुन्हा म्हणायला लावला. तो कौतुकाने ऐकून घेत होता. तास संपल्यावर मला म्हणाला, "खिडकीतला साहेब म्हणेल, ही बाई आपल्यालाच मागणी घालतेय."

मी त्याला दोन शब्द सुनावले, पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. साहेब हसला तर ठीक. नाही हसला तर पुन्हा बोट पासपोर्टवर आणि काकू घरी. उज्ज्वला तिकडे एकटी कळा देणार आणि दोष माझ्या काव्याचा. ते काही मला परवडणारं नव्हतं.

शेवटच्या तालमीला मी पुन्हा कोट चढवला आणि ठरवलं की आज दयामाया नाही. योगायोग असा की त्या दिवशी काकूंच्या गावात लाइट गेली होती आणि गिरणी बंद होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला काकूंचा आवाज गिरणीशिवाय ऐकू येत होता. तो मला वाटलं होतं त्यापेक्षा फार हळू होता.

"व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

काकूंनी मान तिरकी केली. "ग्रास इज ग्रीन..."

"नो पोएट्री, मॅडम. ओन्ली नेम. वन वर्ड."

काकू थांबल्या. ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा ओठ हलले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी मुकाट्याने कोटाचं बटण काढलं.

"काकू, नुसती रीत म्हणून एवढं रडायला येत नाही. काय आहे ते सांगा."

"एकदा घेतलंय मी," त्या म्हणाल्या. "उखाण्याबिगर. उज्ज्वला पोटात हुती. मी जेवणाचा डबा घिऊन गिरणीत गेले. हे चालत्या पट्ट्यापाशी हुबं राहून गिऱ्हाइकाशी बोलत हुतं. सदऱ्याची बाही लोंबत हुती. मला भ्या वाटलं आन तोंडातनं नाव गेलं. मोठ्यांदा. ह्यांनी वळून बघितलं आन हात पट्ट्यात गेला. दोन बोटं गेली, बाई. मी नाव घ्यायला आन बोटं जायला एकच गाठ. आता परमुलखात जाऊन ह्यांचं नाव घिऊ? हिकडं गिरणीत हे एकटं. आन मी तिकडं."

ह्या बाईपुढे एका बाजूला लेक होती आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्याचा जीव, आणि मी लग्नातला कोट घालून तिच्याकडून एक शब्द वदवून घेत होते. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी आलं. पीठ नव्हतं म्हणून मी आधी ओळखलं नाही. रंगराव होते. गिरणी बंद, त्यामुळे शेजारच्या खोलीत बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते काकूंच्या शेजारी पाटावर बसले. मी तास संपवायला हवा होता, हे मला कळत होतं. पण माझं बोट काही त्या बटणाकडे गेलं नाही.

"अगं, बाही पट्ट्यानं आधीच धरली हुती," ते म्हणाले.

काकूंनी वर बघितलं.

"आधीच. तू दारात यायच्या आधी. मी बोलण्यात दंग, मला पत्ताच न्हाई. तू नेहमीसारखं 'आवं' म्हणाली असतीस तर मी म्हटलं असतं, थांब जरा, गिऱ्हाईक हाय. तेवढ्यात खांद्यापतोर गेलो असतो. तू नाव घेतलंस म्हणून दचकलो. म्हटलं, हिनं नाव घेतलं म्हंजी कायतरी भलतंच. आन हात मागं वडला."

त्यांनी उजवा हात वर केला. अंगठा आणि दोन बोटं. इतके दिवस कपबशी ठेवताना तो हात मला नीट दिसला नव्हता.

"ही राहिली ती तुझ्या हाकंची हायती."

मग काकूंचा आवाज आला, आणि तो रडका नव्हता, चांगला चिडका होता.

"मग येवढी वर्सं बोलला का न्हाईसा?"

"तू इचारलंस कधी? मला वाटलं तुला ठावं हाय."

"मी हिकडं सोमवार धरत्ये आन तुम्हाला वाटलं मला ठावं हाय."

"मला वाटलं सोमवार महादेवाचा हाय."

"महादेवाचाच हाय. पर तुमच्या बोटांसाठी हाय."

"बरं," रंगराव म्हणाले आणि पडद्याकडे वळले. "मॅडम, तुमचा तास खाल्ला आम्ही. तुमी का रडताय?"

मी म्हटलं, नेटवर्क खराब आहे.

मुलाखतीला दोघेही मुंबईला गेले. गिरणी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपणहून बंद ठेवली होती. वकिलातीत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून काकूंचा मोबाइलही रंगरावांकडेच होता आणि ते रस्त्यापलीकडे झाडाखाली उभे होते. माझं सकाळपासून कशात मन लागेना. मंदारने दोनदा विचारलं की परीक्षा काकूंची आहे की माझी. दुपारी फोन आला. पडद्यावर दोघंही होती, मागे रसवंती आणि हातात उसाच्या रसाचे ग्लास.

"मिळाला, बाई," काकू म्हणाल्या. पण चेहरा काही म्हणावा तसा खुललेला नव्हता.

"मग झालं काय?"

"इचारलंच न्हाई की त्यानं. कुणाकडं जाणार, किती दिस ऱ्हाणार, मागं मालकांच्या जेवणाखाण्याचं कोण बघणार, येवढंच इचारलं. मी म्हटलं, ही कॅन कुक. बट नो शुगर. हसला आन म्हणाला, हॅव अ नाइस ट्रिप. मी हुबीच. म्हटलं आता इचारंल, मग इचारंल. मागनं शिपाई म्हणाला, आजी, झालं तुमचं, चला. येवढा जीव काढून तयारी केली, बाई, आन त्यांनी इचारलं न्हाई."

मी इतकी हसले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, काकू, नातवंडाला सांभाळायला मिळालं ना, नाव राहू दे आता.

"राहतंय कुठलं," मधेच रंगराव म्हणाले.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "तुमी गप बसा."

"काय झालं?"

"काय हुतंय," काकू म्हणाल्या. "भायेर आले तर ही गर्दी. गाड्या, माणसं, समदे धावत्यात. हे पलीकडं पाठ करून हुबं. माझ्यापाशी फोन न्हाई. 'आवं, आवं' करून घसा बसला, तर चार परकी माणसं वळून बघायला लागली. मुंबईत समदंच 'आवं'. मग काय करणार?"

"मग?"

"मग मारली हाक."

"नावाने?"

"रंगराव म्हणून," काकू माझ्याकडे बघून सरळ म्हणाल्या, जणू खिडकीतल्या साहेबालाच सांगत होत्या. "दोनदा मारावी लागली. पयल्यांदा ऐकूच आलं न्हाई ह्यांना. गिरणीत बसून कान गेल्यात."

एवढं बोलून त्या ग्लास परत द्यायला गेल्या. रंगरावांनी त्या लांब गेल्याची खात्री करून घेतली, मोबाइल तोंडाजवळ आणला आणि आवाज खाली केला.

"मॅडम, पयली आली हुती ऐकू," ते म्हणाले. "म्हटलं, आजून येकदा मारू दे."